टीमचा जुना लोगो बदलताना काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं?

कागदावर_पेन्सिल

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ काढून वाचा. मी ग्राफिक डिझाइन करते आणि एका जुन्या हौशी फुटबॉल क्लबचा लोगो नव्याने करायचं काम माझ्याकडे आलंय. क्लब रेल्वे कामगारांनी सुरू केलेला, त्यामुळे सध्याच्या लोगोत ढालीच्या आत गार्डाचा हातकंदील आहे, त्याच्याखाली जुन्या पद्धतीचा वादीने शिवलेला चामडी बॉल, दोन्ही बाजूंना पानांच्या डहाळ्या, आणि सगळ्यात खाली फितीवर स्थापनेचं साल. कोणीतरी हाताने काढलेला आहे आणि जीव लावून काढलाय हे लगेच कळतं, कंदिलाच्या काचेभोवतीची एकेक तार सुटी दिसते. पण तोच लोगो मोबाइलवर प्रोफाइल फोटो म्हणून लावला की कंदिलाची बाटली होते आणि साल तर वाचताच येत नाही.

कमिटीत सरळ दोन तट पडलेत. तरुण पोरं म्हणतात सगळं काढून टाका, एक अक्षर ठेवा, इटलीच्या युव्हेंटस क्लबसारखं. जुने मेंबर म्हणतात एक रेघ हलवायची नाही. मला दोन्हीकडचं पटतं, तिथेच घोडं अडलंय. गेल्या काही वर्षांत एवढ्या मोठ्या क्लबांनी लोगो बदलले, त्यातले काही लोगो लोकांनी निमूट स्वीकारले आणि काहींवरून एवढा गदारोळ झाला की क्लबला माघार घ्यावी लागली. हे नेमकं कशावर ठरतं? आणि माणसं यावरून एवढी का दुखावतात? नुसत्या टिप्स नकोत, हे मुळातून समजून घ्यायचंय.

---

जुनी_जर्सी

डिझाइनमधलं मला काही कळत नाही, पण चाहत्यांच्या बाजूने सांगतो. खेळाडू जातात, कोच जातात, मालक विकून मोकळे होतात, स्टेडियमसुद्धा पाडून दुसरीकडे बांधतात. मग चाहत्याकडे कायमचं म्हणून राहतं काय? रंग, नाव आणि तो बिल्ला. बस. त्यातलं एक कोणी न विचारता बदललं की माणसाला वाटतं आपल्याला घराबाहेर काढलं.

लीड्स युनायटेडचं बघा. २०१९ मध्ये क्लबला शंभर वर्षं होणार होती म्हणून जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी नवा लोगो दाखवला, त्यात छातीवर मूठ ठेवलेलं एक धड, डोकं नाहीच. हा त्यांच्या चाहत्यांचा खरा सॅल्यूट आहे, स्टँडमध्ये लोक तो करतात, म्हणजे कल्पना कुठून हवेतून आणलेली नव्हती आणि क्लबचं म्हणणं होतं की आम्ही १०,००० लोकांशी बोललोय. तरी काही तासांत विरोधाच्या अर्जावर ५०,००० च्या वर सह्या झाल्या आणि तो लोगो कधी जर्सीवर आलाच नाही. माझं मत असं की मूठ छातीवर ठेवणं ही चाहत्याने स्वतःहून करायची गोष्ट आहे, ती क्लबने छापून परत चाहत्यालाच विकली तर तिच्यातला जीव जातो. आणि हे करताना जुन्या लोगोतलं यॉर्कशायरचं, म्हणजे त्यांच्या भागाचं, पांढरं गुलाब काढून टाकलं होतं, ते कसं चालेल?

त्याहून मोठं कार्डिफ सिटीचं. टोपणनाव ब्लूबर्ड्स, शंभरेक वर्षं निळी जर्सी. २०१२ मध्ये मालक विन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली, लोगोत लाल ड्रॅगन मोठा आणि निळा पक्षी खाली बारीकसा. आशियात लाल रंग शुभ मानतात, तिथे क्लबचं नाव होईल, असा हिशेब होता. आता पुढचं नीट वाचा, त्या लाल जर्सीतच कार्डिफ २०१३ मध्ये सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचलं, १९६२ नंतर पहिल्यांदा! यश मिळालं की लोक विसरतात असं मालकांना वाटत असतं ना, तर नाही विसरले. आपल्याच टीमचा इतक्या वर्षांनी आलेला आनंदाचा दिवस आणि लोक निळे मफलर घालून बसलेत. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आणावाच लागला, मागोमाग पक्षीही आपल्या जागी आला.

त्यामुळे तुमचे जुने मेंबर हट्टी आहेत असं समजू नका. त्यांना आधी विचारा की त्या लोगोत त्यांना काय दिसतं.

---

स्क्रीनप्रिंट

मी जर्सी छापतो आणि बिल्ल्यांची एम्ब्रॉयडरी करून देतो, सगळं आयुष्य यातच चाललंय, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. सोपा लोगो म्हणजे आत्मा विकला असं सरसकट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

लोगो सपाट का झाले याला कारणं आहेत. पूर्वी बिल्ला एका जागी असायचा, ब्लेझरच्या खिशावर किंवा जर्सीवर, आणि तो बघणारा माणूस समोर उभा असायचा. आता तोच बिल्ला टीव्हीवर स्कोअरच्या पट्टीत चिमूटभर जागेत, मोबाइलच्या आयकॉनमध्ये, बसच्या अख्ख्या अंगावर, काळ्या कापडावर, पांढऱ्या कापडावर, सगळीकडे चालायला हवा. एम्ब्रॉयडरीत धाग्याला जाडी असते, त्यामुळे अगदी बारीक रेघ निघतच नाही आणि लहान अक्षरांची पोटं भरून जातात, म्हणजे इंग्रजी ए आणि ई सारखेच दिसायला लागतात. तुमच्या कंदिलाच्या तारा मी कितीही चांगल्या मशीनवर घेतल्या तरी छातीवरच्या बिल्ल्यात त्यांचा एक राखाडी ठिपका होणार. तो जुना चित्रकार वाईट नव्हता, त्याने ते कागदासाठी काढलं होतं एवढंच.

कायद्याचंही एक कारण असतं. आर्सेनलने २००२ मध्ये बिल्ला बदलला तेव्हा एक मोठा मुद्दा हाच होता की जुन्या बिल्ल्यात इतक्या ठिकाणचे तुकडे येऊन जमले होते की त्याचे हक्क नीट सांभाळता येत नव्हते. तोफ ठेवली, पण तिचं तोंड फिरवलं आणि लॅटिन वाक्य गेलं. तेव्हा चाहते चिडले होते, आज त्या तोफेवर पोरं टॅटू काढतात.

सोपं म्हणजे रिकामं नव्हे, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण हार्टफर्ड व्हेलर्स. आइस हॉकीची टीम, १९७९ चा लोगो, पीटर गुड यांनी केलेला. खाली हिरवा डब्ल्यू, वर देवमाशाची निळी शेपटी, आणि दोघांच्या मधे जी पांढरी जागा उरते तिच्यात हार्टफर्डचा एच. तो एच कोणी काढलेलाच नाही, तो उरलेल्या जागेतून तयार होतो! एकदा दिसला की पुढे कायम तोच आधी दिसतो. टीम १९९७ मध्ये तिथून उठून दुसऱ्या राज्यात गेली, नाव बदललं, पण त्या लोगोच्या टोप्या अजून विकल्या जातात. बेसबॉलच्या मिलवॉकी ब्रुअर्सचंही तसंच, स्पर्धेतून आलेला लोगो, कलेचा इतिहास शिकणाऱ्या टॉम माइंडेल नावाच्या विद्यार्थ्याचा. बॉल पकडलेला ग्लोव्ह आहे, पण बोटं म्हणजे एम आणि अंगठ्याचा भाग म्हणजे बी. मधे तो काढून टाकला होता, २०२० मध्ये नीटनेटका करून परत मुख्य लोगो म्हणून आणला.

तेव्हा ताई, तुमच्या तरुण पोरांचं सगळंच चूक नाही. फक्त युव्हेंटसची नक्कल नको. २०१७ मध्ये त्यांनी तो जे आणला तेव्हा त्यांना फुटबॉलच्या बाहेरही, कपड्यांपासून सगळीकडे आपलं नाव न्यायचं होतं आणि सगळ्या जगाला त्यांचे काळे-पांढरे पट्टे आधीच माहीत होते. ज्याला सगळे ओळखतात त्याला एका अक्षरात सही करता येते. हौशी क्लबचं एकटं अक्षर कोण ओळखणार?

---

तिसरा_पंच

वरच्या दोन्ही प्रतिसादांत राजकारण राहिलं, आणि माझ्या मते माणसं का दुखावतात याचं खरं उत्तर तिथेच आहे.

बार्सिलोनाचा बिल्ला घ्या. १९१० मध्ये स्पर्धा घेऊन ठरवलेला, कार्लेस कोमामाला या त्यांच्याच खेळाडूचा. वर एका बाजूला सेंट जॉर्जचा क्रॉस, दुसरीकडे कातालोनियाचे, म्हणजे त्यांच्या प्रांताचे, लाल-पिवळे पट्टे, मधे एफसीबी (फुटबॉल क्लब बार्सिलोना), खाली क्लबचे रंग आणि बॉल. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत १९४१ मध्ये क्लबचं नाव जबरदस्तीने स्पॅनिश पद्धतीने करायला लावलं, त्यामुळे अक्षरांचा क्रम बदलून सीएफबी झाला आणि कातालोनियाचे चार लाल पट्टे दोनवर आणले. म्हणजे हुकूमशहाच्या माणसांनाही कळत होतं की फुटबॉलच्या बिल्ल्यातले दोन पट्टे ही किरकोळ गोष्ट नाही. पट्टे १९४९ मध्ये क्लबच्या पन्नाशीला परत आले, अक्षरं मात्र थेट १९७४ मध्ये. आणि याच क्लबने २०१८ मध्ये सुटसुटीत करायचं म्हणून नव्या बिल्ल्यातून एफसीबी ही अक्षरंच काढायचं ठरवलं! कारण डिझाइनचं होतं, मान्य, मधल्या पट्टीत ती अक्षरं खरंच गर्दी करतात. पण ज्या अक्षरांसाठी तीस-बत्तीस वर्षं वाट बघितली ती कोणी सुटसुटीतपणासाठी देईल का? सभासदांच्या सभेत विरोध झाला आणि प्रस्ताव मागे घेतला.

रिअल माद्रिदच्या बिल्ल्यावरचा मुकुट १९२० मध्ये राजाने दिला, १९३१ मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा गेला, यादवी युद्धानंतर १९४१ मध्ये परत बसला. नुसता मुकुट बघत गेलं तरी त्या देशाचा अर्धा इतिहास कळतो.

क्रिकेटमध्ये मला सगळ्यात भावतो तो वेस्ट इंडिजचा. वेस्ट इंडिज नावाचा देशच नाही. वेगवेगळे देश, प्रत्येकाचा झेंडा वेगळा, राष्ट्रगीत वेगळं, आणि मैदानात उतरताना सगळे मिळून एका बेटावरच्या नारळाच्या झाडाखाली आणि तीन स्टंपांखाली येतात. तिथे लोगो हा झेंड्याच्या बदली आहे. जगात दुसरीकडे एवढं मोठं काम एका चित्राला करावं लागत असेल असं मला वाटत नाही.

उलट आपल्या बीसीसीआयचं बघा. बोर्ड १९२८ चं, आणि लोगोतला तो किरणांचा तारा ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया या किताबाच्या चिन्हाशी अगदी मिळताजुळता आहे, जो किताब १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने सुरू केला होता. इंग्रज गेले, तारा राहिला. यावर अधूनमधून चर्चा होते पण स्टेडियममध्ये बसलेल्या पोराला विचारा, त्याला तो तारा म्हणजे १९८३ आणि २०११. अर्थ असा मागून येऊन भरत जातो. ज्याने चित्र काढलं त्याच्या मनातला अर्थ आणि साठ-सत्तर वर्षांनी लोकांनी त्यात साठवलेला अर्थ यांचा एकमेकांशी संबंध राहतोच असं नाही.

---

डावा_विंगर

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून बोलतो. जुनं आहे म्हणून सगळंच जपायचं का?

क्लीव्हलँडच्या बेसबॉल टीमचा चीफ वाहू नावाचा लोगो होता, लालभडक चेहरा, मोठं नाक, दात विचकलेले, डोक्यात पीस. मूळनिवासी लोक वर्षानुवर्षं सांगत होते की हा आमचा अपमान आहे, आणि चाहते म्हणायचे की आमच्या लहानपणापासूनच्या आठवणी आहेत त्यात. दोघंही खरंच बोलत होते. पण एकाच्या आठवणी आणि दुसऱ्याचा चेहरा यात चेहऱ्याचा मान आधी, मला यात शंका वाटत नाही. २०१८ च्या सीझननंतर तो जर्सीवरून गेला आणि २०२१ मध्ये नावसुद्धा गार्डियन्स झालं, तिथल्याच एका पुलावरच्या रखवालदारांच्या भव्य पुतळ्यांवरून घेतलेलं. हे मला फार आवडलं, शहरातल्याच एका गोष्टीवर बोट ठेवलं आणि नाव मिळालं.

पण प्रत्येक वेळी एवढं सरळ नसतं हेही सांगायला हवं. वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं जुनं नाव, रेडस्किन्स, शिवीसारखंच होतं, ते २०२० मध्ये गेलं ते बरंच झालं. लोगोतला चेहरा मात्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर वेट्झेल या ब्लॅकफीट जमातीच्या नेत्याच्या पुढाकाराने आलेला, गंभीर, करारी चेहरा, आणि तो लोगो काढल्यावर वेट्झेल यांच्या घरच्यांना वाईट वाटलं. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीम सेमिनोल हे नाव वापरतात ते फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीच्या परवानगीने. म्हणजे चित्रात कोण आहे यापेक्षा ते ठेवायचं की नाही हे कोण ठरवतंय, हा प्रश्न मोठा.

आणि दक्षिण आफ्रिकेचं स्प्रिंगबोक हरीण! वर्णभेदाच्या काळात रग्बीचं ते हरीण म्हणजे गोऱ्यांची सत्ता, काळे प्रेक्षक मुद्दाम समोरच्या टीमला पाठिंबा द्यायचे. सत्ता बदलल्यावर ते काढून टाकावं असंच बहुतेकांना वाटत होतं, क्रिकेटवाल्यांनी प्रोटिया फूल घेतलंही. पण २४ जून १९९५ ला वर्ल्ड कपच्या फायनलला मंडेला तीच हिरवी जर्सी घालून मैदानात आले, पाठीवर कॅप्टनचा ६ नंबर. चिन्ह तेच, ते छातीवर घेणारा माणूस बदलला आणि अर्थ पालटला. पुढे हरणाच्या जोडीला प्रोटियाही जर्सीवर आलं आणि आजही दोन्ही आहेत. एक काढून दुसरं लावण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

---

कागदावर_पेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. @जुनी_जर्सी तुमचं ऐकून जुन्या मेंबरांना "काय ठेवायचं" असं न विचारता "यात तुम्हाला काय दिसतं" असं विचारलं. आणि उत्तरं ऐकून मीच थक्क झाले. डहाळ्यांबद्दल एकही माणूस बोलला नाही! फितीबद्दलही नाही. बॉलबद्दल एक-दोघे बोलले. कंदिलाबद्दल सगळे. सुरुवातीची पोरं ड्यूटी संपवून अंधार पडल्यावर खेळायची आणि मैदानाच्या कडेला कंदील ठेवायची, हे त्यांच्या वाडवडिलांकडून ऐकलेलं. तरुण पोरांपैकी बऱ्याच जणांना ही गोष्टच माहीत नव्हती, त्यांना वाटायचं ते काहीतरी कप किंवा बाटली आहे.

आता माझ्या मनात असं आहे की फक्त कंदील ठेवायचा, मोठा करायचा, तारा दोन-तीनच पण जाड, आणि काचेच्या जागी मोकळी जागा सोडून त्यात बॉल बसवायचा, म्हणजे ज्योतीच्या जागी बॉल. डहाळ्या आणि फीत काढायची. अडकलेय ती सालावर. लोगोत ठेवलं तर वाचता येत नाही. कॉलरच्या आत मागे छापायचा विचार आहे, चालेल का?

---

स्क्रीनप्रिंट

ज्योतीच्या जागी बॉल, वा! आधी फक्त काळ्या रंगात करून बघा, रंग अजिबात नको. एका रंगात कंदील कळला तर तो कुठेही कळेल. मग नखाएवढा प्रिंट काढा आणि हात लांब करून बघा. वरची कडी गोल आणि सुटी ठेवा, कंदील हा कडीमुळे कंदील दिसतो, ती चेपली की परत बाटली होणार. आणि ढाल ठेवायची की नाही हे शेवटी ठरवा, माझ्या अंदाजाने कंदिलाची बाह्यरेषाच पुरेशी आहे.

---

जुनी_जर्सी

सालाबद्दल थांबा जरा. लिव्हरपूलच्या बिल्ल्यात दोन्ही बाजूंना ज्या ज्योती आहेत त्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत गेलेल्यांच्या स्मरणार्थ, १९८९ ची ती घटना, एकूण ९७ माणसं गेली. २०१२ मध्ये जर्सीवर फक्त बिल्ल्याच्या मधला पक्षी ठेवला आणि ज्योती मानेच्या मागे नेल्या. डिझाइन म्हणून वाईट नव्हतं, आदर राखूनच केलं होतं, तरी काही कुटुंबांना लागलं ते. समोर असलेली गोष्ट पाठीमागे गेली की तिचा मान कमी झाला असं वाटतंच माणसाला. तुमच्या सालामागे एवढं दुःख नसेल, पण स्वतः ठरवू नका, विचारा.

---

तिसरा_पंच

+१. आणि मँचेस्टर सिटीने २०१६ चा बदल कसा केला ते बघा. आधी चाहत्यांकडून मतं मागवली, मग डिझाइन दाखवलं. लोकांना पूर्वीचा गोल बिल्ला हवा होता आणि त्यातलं जहाज, नद्यांचे तीन पट्टे, लाल गुलाब हवं होतं, ते मिळालं. १९९७ पासून असलेला गरुड गेला, आणि त्याच्यासाठी रस्त्यावर उतरलेलं कोणी मला तरी आठवत नाही. उलट अ‍ॅटलेटिको माद्रिदने २०१७ मध्ये बिल्ला बदलला, सहा वर्षं कुरकुर चालली, २०२३ मध्ये सभासदांचं मतदान घेतलं तर जवळपास ८८ टक्के लोक जुन्याच्या बाजूने, आणि २०२४-२५ पासून जुना परत. नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबनेही, ज्यांच्या लोगोत ग्रीक वीर आयाक्सचा चेहरा असतो, १९९० पासूनचं ते अकरा रेघांचं डोकं बाजूला ठेवून शेवटी २०२५-२६ साठी १९२८ चा चेहरा परत आणला, आणि ते अकरा रेघांचं काम डिझाइन म्हणून खरोखर उत्तम होतं बरं का, अकरा खेळाडू म्हणून अकरा रेघा. तरी लोकांना चेहरा हवा होता.

---

कागदावर_पेन्सिल

@जुनी_जर्सी बरं झालं सांगितलंत. मग दोन आवृत्त्या करते, एक नुसता कंदील, लहान जागांसाठी, आणि एक कंदिलाच्या बुडाच्या पट्टीवर साल कोरल्यासारखं, जर्सी आणि बॅनरसाठी. बूड तसंही रुंद असतं, चार आकडे सहज बसतील. दोन्ही कागदावर छापून नेते, मोबाइलवर दाखवत नाही, आणि त्याआधी तरुण पोरांना ती अंधारातल्या खेळाची गोष्ट जुन्या मेंबरांनाच सांगायला लावते. @स्क्रीनप्रिंट आकडे किती उंचीचे ठेवले तर धाग्यात नीट निघतील?

---

स्क्रीनप्रिंट

अर्ध्या सेंटीमीटरच्या खाली जाऊ नका, आणि टोकदार शेपट्या असलेला फॉन्ट नको, साधा जाड घ्या. ८ आणि ९ ची पोटं मुद्दाम मोठी ठेवा. फाइल वेक्टरमध्ये पाठवा, एक नमुना काढून बघतो, धाग्याचा रंग कापडावर ठेवूनच ठरवू.